टँकरच्या लायनीतलं नाटक

माझा मंडप, लाइट आणि साउंडचा धंदा आहे. लग्न, तेरवी, गणपती, दुर्गादेवी, शिवजयंती, भीमजयंती, मोहरम आणि सगळ्या पक्षांच्या सभा, सगळ्यांना माल माझ्याच गोदामातून जातो. बल्ल्या त्याच, कनाती त्याच, माइक तोच. वर बांधायचं कापड तेवढं बदलतं. त्यामुळे गावात दोन तट पडले की ते आम्हाला सगळ्यात आधी कळतं.

आमचं लोहारा यवतमाळला लागूनच, दारव्हा रोडवर. एमआयडीसी इथेच आहे, डेनिमचा मोठा कारखानाही इथेच. आधी ग्रामपंचायत होती, आता यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दीत आलो. जुनं गावठाण, मग वस्त्या, मग ले-आउट असं वाढत गेलं. कारखान्यात एका मशीनवर शेजारी उभे राहणारे दोघं संध्याकाळी घरी आले की वेगवेगळ्या चौकात बसतात.

भांडण झेंड्यावरून झालं. चौकातल्या खांबावर कोणाचा झेंडा वर आणि कोणाचा खाली, एवढाच विषय. त्यात पुढे निवडणूक आली. मग ते भांडण झेंड्याचं राहिलं नाही. कोणती वस्ती कोणाची, ते मी लिहीत नाही. दोन्हीकडे माझी गिऱ्हाइकं आहेत आणि दोन्हीकडचे लोक हे वाचतील. अलीकडची वस्ती आणि पलीकडची वस्ती एवढं पुरे.

मारामारी फार झाली नाही. पण चक्कीवर जाणं बंद झालं. दळण घेऊन बाया दुसऱ्या टोकाला जायला लागल्या. किराणा दुकानात उधारी होती ती चुकवून लोकांनी दुकान बदललं. तेरवीला पत्रिका गेली तरी पंगतीला कोणी येईना. एका मंडळाच्या पोट्ट्यांनी मला सांगितलं, "काका, तिकडे साउंड देसान तं आमचं बुकिंग कॅन्सल." मी दोन्हीकडे दिलं. त्यांनी यवतमाळहून दुसरा साउंडवाला आणला. त्या सीझनला माझा टेम्पोचा हप्ता थकला. रागही आला आणि भीतीही वाटली, हे कबूल करतो.

शांतता समितीची बैठक झाली. अशा बैठकीत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. चहा, बिस्कीट, सर्वधर्मसमभावावर भाषणं, फोटो. बाहेर पडताना दोन्हीकडचे लोक दोन दिशांना गेले. माइक माझाच होता, म्हणून सगळं नीट ऐकलं होतं.

नाटकाची गोष्ट काढली जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या एका मॅडमनी. दोन्ही वस्त्यांतल्या अर्ध्या पोरांना त्यांनीच शिकवलं आहे. त्यांनी 'तेरवं' पाहिलं होतं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं. त्यात काम करणाऱ्या बाया नट्या नव्हत्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरातल्या त्या. आपल्याच जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे त्यांत होत्या. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वं साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झाल्यावरून तेव्हा केवढा वाद पेटला होता. शेवटी उद्घाटन वैशालीताईंच्या हातून झालं. मॅडम म्हणाल्या, "त्या बाया बोलत होत्या तेव्हा माझ्या शेजारी कोण बसलं आहे, कोणत्या पक्षाचं आहे, याची मला आठवणसुद्धा राहिली नाही. आपण काहीतरी बसवू."

मला वाटलं, बाईंचा वेळ जात नसेल. पण गोदाम द्यायला हो म्हणालो. तालमीला जागा कोणती हा पहिलाच अडसर होता. देवळाचं सभागृह म्हटलं तर पलीकडचे येणार नाहीत, विहार म्हटलं तर अलीकडचे. शाळेचा हॉल मागितला, तर राजकारण नको म्हणून नकार मिळाला. माझं गोदाम सगळ्यांना चाललं. तिथे सगळ्यांचेच झेंडे पडून असतात.

पलीकडच्या वस्तीतला एक मुलगा कॉलेजात असताना अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका करून आलेला होता. अलीकडचा एक गणपतीत मिमिक्री करायचा. हे दोघं आले म्हणून आणखी पोरं आली. बचत गटातल्या काही काकूंना मॅडमनी ओढून आणलं. कारखान्यातला एक पाळीवाला भाऊ आला, तो मूळचा झाडीपट्टीतला. त्याच्या गावाकडे शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोडून रात्रभर नाटकं चालतात, वडशाच्या कंपन्या येतात. त्याला नाटक म्हणजे काही मोठी बाब वाटत नव्हती. सगळ्यात जास्त धीर त्याचाच होता.

पोरांना 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' करायचं होतं. त्यांनी त्याचे तुकडे मोबाइलवर पाहिले होते. संभाजी भगतांची कल्पना, राजकुमार तांगडेंचं लेखन, नंदू माधवांचं दिग्दर्शन, आणि कामं करणारे जालन्याकडचे, शेतीमातीतले कलावंत. विषय तर आमच्याच चौकाचा. मॅडम नको म्हणाल्या. एक तर लेखकाची रीतसर परवानगी, मोठा संच, गाणी, हे आम्हाला पेलणारं नव्हतं. दुसरं म्हणजे आपल्याकडे नुसत्या नावावरूनच लोक बाजू घेऊन बसतील, आत काय आहे ते ऐकणारच नाहीत. ते नाटक चांगलंच आहे. पण भांडण ताजं असताना त्याच विषयाला हात घालायला त्या लोकांसारखी तयारी लागते. आमच्याकडे ती नव्हती.

मग पोरांनी स्वतः लिहिलं. शेवटी सगळी पात्रं हात धरून उभी राहतात आणि एकतेवर बोलतात, असं. नागपूरहून नाट्यशिबिरं घेणारे एक सर येत होते. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे शांतता समितीनं लिहिलं का?" पोरं हसली, पण तोंडं उतरली होती.

त्या सरांनी दुसरी रीत सांगितली. ब्राझीलमध्ये ऑगुस्तो बोआल नावाचा नाटकवाला होता. त्याच्या पद्धतीत छोटं नाटक करतात, ते मुद्दाम वाईट जागी संपवतात आणि पुन्हा सुरू करतात. या वेळी प्रेक्षकांतून कोणीही "थांबा" म्हणून उठायचं, अडचणीत असलेल्या पात्राच्या जागी उभं राहायचं आणि आपण असतो तर काय केलं असतं ते करून दाखवायचं. भाषण करायचं नाही, करून दाखवायचं. बंगालमध्ये 1985 ला सुरू झालेला जन संस्कृती नावाचा गट खेड्यापाड्यांत हेच करतो आहे. सर म्हणाले, "आपल्याकडे सत्यशोधकी जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. त्यांनी माणसं जागी केली. पण तिथे बोलणारा शाहीर आणि ऐकणारे आपण. इथे ऐकणाऱ्यानं उठायचं आहे."

विषय काकूंनी दिला. झेंडा नको, निवडणूक नको, पाणी घ्या.

2018 चा उन्हाळा यवतमाळचा कोणी विसरणार नाही. आधीच्या वर्षी पाऊस कमी झाला. निळोणा आणि चापडोह, दोन्ही धरणांनी तळ गाठला. बेंबळा धरणाहून पाणी आणायच्या पाइपलाइनचं काम चालूच होतं. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. टँकर आला की गुंड म्हणजे पाण्याचे हंडे, कॅन, बकेट, जे हाती लागेल ते घेऊन माणसं पळत. रात्री दोनला बाया नंबर लावून बसत. त्या लायनीत अलीकडचे-पलीकडचे सगळेच होते, आणि भांडणंही तिथे झाली होती.

तर नाटक असं ठरलं. टँकर येतो. नगरसेवकाचा माणूस आपल्या गल्लीची वेगळी लाइन लावतो. एका म्हातारीचा गुंड लाइनीतून बाहेर फेकला जातो. एका मुलीची परीक्षा आहे, तिला घरी जायचं आहे. दोन लाइनी भांडतात. त्या भांडणात टँकरवाला नळी गुंडाळून निघून जातो. संपलं. पात्रांना आडनावं नाहीत, झेंडे नाहीत.

सरांनी एकच अट घातली. अलीकडच्यांनी पलीकडच्या लाइनीतली कामं करायची आणि पलीकडच्यांनी अलीकडची.

काकूंना लिहिलेली वाक्यं पाठ होईनात. एक म्हणाली, "मॅडम, मले हे पुस्तकासारखं नाई बोलता येत." मॅडम म्हणाल्या, "मग तेव्हा जशा बोलला होता तशा बोला." त्यावर दोन काकू एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक या वस्तीतली, एक त्या. आम्हाला तेव्हा कळलं की 2018 ला टँकरवर झिंज्या उपटण्यापर्यंत गेलेलं ते भांडण या दोघींचंच. त्यानंतर त्या बोलत नव्हत्या. बचत गटाच्या मीटिंगलाही वेगळ्या कोपऱ्यात बसायच्या.

"हिनं माहा गुंड लाथेनं उडवला होता."

"मी नाई उडवला. तुह्या दिरानं धक्का मारला, म्हून पाय लागला."

"सहा घंटे नंबर लावून बसली होती मी."

"अन् मी काय बाजारात फिरून रायली होती? घरी सासू हागवणीनं पडली होती. तिले धुवाले पाणी नोयतं घरात."

गोदामात कोणी काही बोललं नाही. पहिली काकू थोड्या वेळानं म्हणाली, "मंग सांगाचं होतं न." दुसरी म्हणाली, "सांगू कोनाले? तू झिंज्या धरून होती."

सरांनी तो सगळा प्रसंग तसाच नाटकात घेतला, आणि दोघींच्या भूमिका उलट्या केल्या. जिचा गुंड उडाला तिनं लाथ मारणारी व्हायचं. ती तालीम काही केल्या नीट होत नव्हती. लाथ मारायची वेळ आली की ती थांबायची. एकदा ती म्हणाली, "थे खरंच पाणी मांगत होती, मले तं दिसूनच नाई रायलं होतं." मी लाइट लावत होतो. माझे डोळे भरून आले, मी केबल शोधायला बाहेर गेलो. नाटक नाही झालं तरी चालेल असं मला त्या दिवशी वाटलं.

पण अडचणी संपल्या नाहीत. पाळीचा मोठाच घोळ. कोणाची पहिली पाळी, कोणाची रात्रपाळी, सगळे एकत्र कधीच नाहीत. झाडीपट्टीवाल्या भावानं प्रत्येकाची वाक्यं पाठ करून टाकली. जो येणार नाही त्याचं काम तो करायचा. नंतर मिमिक्रीवाल्या पोराचा तालमीतला फोटो कोणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवला, खाली घाण लिहून, की हा तिकडचा झाला. त्याचे वडील आले आणि त्याला घेऊन गेले. मॅडम दोनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. तो परत आला नाही. त्याचं काम त्या भावानंच केलं. त्यानंतर सरांनी दारात एक बकेट ठेवली, तालमीला येणाऱ्यानं मोबाइल त्यात टाकायचा. हे आधीच करायला पाहिजे, ज्यांना कुठे करायचं असेल त्यांनी ध्यानात ठेवावं.

ड्रमचीही गंमत झाली. पाणी साठवायचा प्लास्टिकचा ड्रम आपल्याकडे निळाच मिळतो. स्टेजवर चार ड्रम ठेवले तर एका पोरानं हरकत घेतली, "सगळे निळे कसे?" लगेच दुसरा उखडला. काकू म्हणाली, "तुह्या घरी कोन्त्या रंगाचा हाये रे?" त्याच्याही घरी निळाच होता. ड्रम राहिले.

कागदपत्रांचं सांगतो, कारण पुष्कळांना हे माहीत नसतं. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हौशी नाटक असलं तरी. आमची संहिता छोटी होती, पण पाठवली. प्रेक्षक उठून काय बोलतील ते आधी लिहून देता येत नाही. म्हणून पोलीस स्टेशनच्या अर्जात "नाटकानंतर प्रेक्षकांसोबत चर्चा" असं स्पष्ट लिहिलं. लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद, हे तर माझ्या धंद्यातलं पोटापाण्याचं ज्ञान आहे. जागा घेतली ती दोन वस्त्यांच्या मधली मोकळी, जिथे तेव्हा टँकर उभा राहायचा ती.

नेतेमंडळींचे फोन आले. एकाला पाहुणे म्हणून यायचं होतं, एकानं बॅनर पाठवला. आम्ही सगळ्यांना या म्हटलं, पण सोफा नाही, हार नाही, सत्कार नाही. समोर सोफे मांडले की नाटक त्यांच्यासाठी होतं आणि मागचे लोक ते उठायची वाट पाहत बसतात. बॅनर मी घडी करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याला पोचवला.

प्रयोगाच्या संध्याकाळी माझ्या पोरांनी सवयीप्रमाणे खुर्च्या लावल्या. मधे वाट, दोन बाजूंना रांगा. लग्नात तसंच लावतात. माणसं आली आणि बरोबर तशीच बसली. वाटेच्या या बाजूला अलीकडची वस्ती, त्या बाजूला पलीकडची. वरून पाहिलं असतं तर टँकरच्या दोन लाइनीच वाटल्या असत्या. मॅडमनी पाहिलं आणि माइकवर सांगितलं, "सगळ्यांनी उभं राहा, खुर्च्या काढायच्या आहेत." गोंधळ उडाला. खुर्च्या उचलल्या, सतरंज्या टाकल्या, तोवर लहान पोरं पुढे येऊन बसली. पोरांमागे आया आल्या. आयांमागे आज्या. म्हाताऱ्यांना गुडघ्यांमुळे कडेला खुर्च्या दिल्या. नाटक उशिरा सुरू झालं, पण माणसं मिसळून बसली होती.

पहिल्यांदा नाटक झालं तेव्हा लोक हसले, काकूंना टाळ्या मिळाल्या. सरांनी सांगितलं, आता पुन्हा सुरू करतो, ज्याला वाटेल त्यानं थांबवावं. पुन्हा सुरू झालं आणि कोणीच उठेना. मला घाम फुटला. सर तसेच उभे राहिले.

शेवटी पलीकडचा एक पोरगा उठला. चौकातल्या भांडणात तो पुढे होता. त्यानं लाइनीतल्या तरुणाची जागा घेतली आणि आवाज चढवला, आमची लाइन आधी. गुंडवाली काकू नाटकातलं वाक्य सोडून त्याला म्हणाली, "बरं, तुही लाइन आधी. मंग माहा नंबर कोन्ता?" तो थांबला. त्याला उत्तर सापडेना. "तुमचा मागून," असं काहीतरी पुटपुटला आणि खाली येऊन बसला. कोणी हसलं नाही, हे मला बरं वाटलं.

मग मागून एकानं घोषणा दिली. दुसऱ्या बाजूनं लगेच उत्तराची घोषणा आली. दहा-बारा जण उभे राहिले. मिक्सरवर मी होतो, मी आवाज वाढवला नाही, उलट सगळे माइक बंद केले. माइक चालू असला की ओरडणाऱ्याला जोर येतो. काकू स्टेजवरूनच ओरडली, "अरे, घोषना जयंतीले द्या! इथं पाणी भरू द्या!" त्यावर मात्र दोन्हीकडून हशा झाला आणि उभे राहिलेले बसले.

त्यानंतर एक शाळेतली मुलगी आली. तिनं दोन्ही लाइनी मोडून चिठ्ठ्यांनी नंबर द्यायला सुरुवात केली. टँकरवाल्याचं काम करणारा भाऊ म्हणाला, मी नगरसेवकाचंच ऐकतो. तिनं प्रेक्षकांकडे वळून सांगितलं, तुम्ही सगळे याला सांगा. लोकांनी सांगितलं, जोरात सांगितलं. मग एक म्हातारे काकाजी उठले. ते म्हणाले, चिठ्ठ्या ठीक आहेत, पण टँकरवर लायनी लावायची वेळच कशाला येते? तिथून गाडी निळोणा, चापडोह, बेंबळा यावर गेली. दोन्ही वस्त्यांनी मिळून सरकारला शिव्या घातल्या. पुष्कळांना हाच त्या रात्रीचा विजय वाटला. मला वाटत नाही. तिसऱ्याला शिव्या घालताना एक होणं सोपं असतं. त्या पोराला उत्तर सुचलं नाही, ती जागा माझ्या मते जास्त खरी होती. दहाच्या आत सगळं बंद केलं.

पुढे काय झालं, तेही जसं आहे तसं सांगतो. खांबावरचा वाद मिटलेला नाही. तिथे आता दोन्ही झेंडे लागत नाहीत, एवढंच. जयंत्या वेगवेगळ्याच निघतात. पण मिरवणूक कोणत्या गल्लीसमोर थांबवायची नाही, डीजेचा आवाज कुठे कमी करायचा, हे आता नाटकातली पोरं एकमेकांना आधी फोन करून ठरवतात. चक्कीवर बाया परत यायला लागल्या. किराणा दुकानदाराची गेलेली गिऱ्हाइकं अर्धीच परतली. मिमिक्रीवाल्या पोराचे वडील अजून मॅडमशी बोलत नाहीत. ज्या मंडळानं माझं बुकिंग तोडलं होतं त्यांनी अजून यवतमाळचाच साउंडवाला ठेवला आहे, तो स्वस्त देतो म्हणे. त्या दोन काकू बचत गटाच्या मीटिंगला एकत्र येतात. एकीच्या सासूच्या तेरवीला दुसरी पोळ्या लाटायला गेली होती.

एका पक्षानं ते नाटक प्रचारात करायला बोलावलं, पैसेही देतो म्हणाले. गटानं नाही सांगितलं. त्यावरून आत थोडी कुरबुर झाली, कारण पैशाची गरज सगळ्यांनाच होती. प्रवासखर्च आणि चहापाणी वर्गणीतून भागलं, दोन्ही वस्त्यांतून सारखी घेतली. सरांनी मानधन घेतलं नाही.

कोणाला आपल्या गावात असं करायचं असेल तर विषय दोन्हीकडच्यांनी भोगलेला घ्या, जागा कोणाचीच नसलेली घ्या आणि संहिता मंडळाकडे वेळेत पाठवा. मंडप घालताना मधली वाट ठेवू नका. सतरंज्या लागल्या तर माझ्याकडून न्या. त्याचं भाडं घेणार नाही, फक्त धुऊन, वाळवून परत आणून द्या.